नवा मासा कितव्या दिवशी मेला?

गेल्या पावसाळ्यात पुण्याहून भाच्याचा फोन आला.

"मामा, परत गेला."

"कितव्या दिवशी?"

"म्हणजे?"

"आणलास कधी आणि गेला कधी?"

"रविवारी आणला. आज गुरुवार."

"जुने मासे कसे आहेत?"

"एकदम मस्त. खातायत, फिरतायत. म्हणून तर डोकं चालत नाही. पाणी तपासलं, अमोनिया शून्य आहे."

समुद्री माशांचा टँक ठेवणाऱ्या बहुतेकांच्या घरी हा संवाद कधी ना कधी झालेला असतो. (अमोनिया म्हणजे माशांच्या अंगातून पाण्यात उतरणारं विष.) जुने ठणठणीत, नवा टिकत नाही. मग दुकानदाराला शिव्या, पुढच्या रविवारी दुसरं दुकान, दुसरा मासा, आणि पुढच्या गुरुवारी पुन्हा जाळी हातात. दुकानात आजारी मासा मिळतो हे खरं आहे, नाही म्हणत नाही. पण तीन दुकानांतले तीन मासे ओळीने गेले तर दुकान बदलून काय होणार? चौकशी घरातल्या टँकची करायला हवी.

माझ्याकडे डोंबिवलीला चार फुटी टँक आहे, ४ बाय दीड बाय दीड. दगड-वाळू वजा जाता पाणी साधारण २०० लिटर. आज त्यात आठ मासे आहेत आणि ते आठ सोडायला मला साडेआठ महिने लागले. त्याआधी एकदा मी पाच आठवड्यांत अकरा मासे टाकले होते. त्यातले तीन उरले. खालचं बरंचसं शहाणपण त्या आठ मेलेल्यांच्या खर्चाने आलेलं आहे.

मासा कितव्या दिवशी मेला यावरून कारण बऱ्यापैकी ओळखता येतं. म्हणून एक वही ठेवा. आणल्याची तारीख, पिशवीतल्या पाण्याची क्षारता म्हणजे खारटपणा, पहिल्यांदा कधी खाल्लं, आणि गेलाच तर गेल्याची तारीख. एवढे चार रकाने पुरतात.

पहिल्या २४ तासांत गेला

हा बहुधा प्रवासाचा आणि पाण्यातल्या फरकाचा बळी. बरीच दुकानं पाण्याची क्षारता मुद्दाम कमी ठेवतात. मीठ कमी लागतं आणि अंगावरचे परजीवीही दबून राहतात असं मानतात. तिथे विशिष्ट गुरुत्व (खारटपणाचं एक माप) १.०१८ ते १.०२० असतं, तुमच्या टँकमध्ये १.०२५. जास्त क्षारतेतून कमी क्षारतेत जाणं मासा बरंच सहन करतो. उलटी उडी त्याला झेपत नाही. सोडला तेव्हा ठीक दिसतो, सकाळी आडवा असतो.

यावर इलाज सोपा आहे. पिशवी उघडल्यावर आधी तिच्यातल्या पाण्याचा थेंब रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे क्षारता मोजायच्या नळीवर, ठेवा. क्वारंटाइनच्या, म्हणजे नव्या माशाला वेगळं ठेवायच्या टाकीत तितकीच क्षारता करून ठेवलेली असली तर मासा सरळ सोडता येतो, मग रोज ०.००१ ने वर न्यायची. दीड-दोन हजारांचा मासा आणणारी माणसं रिफ्रॅक्टोमीटर मात्र वर्षानुवर्षं जुळवून घेत नाहीत. नुसत्या आरओच्या पाण्याने शून्य लावून भागत नाही, ३५ पीपीटीचं (हजार भागांत ३५ भाग मीठ) तयार द्रावण मिळतं त्याने जुळवा. माझा शून्यावर बरोबर होता आणि समुद्री पाण्यावर तीन अंकांनी चुकत होता. म्हणजे मी १.०२५ समजत होतो ते १.०२८ होतं.

दुसरं, थेंबथेंब पाणी सोडत दोन-दोन तास मासा 'रुळवण्याची' पद्धत. पाऊण तासावरच्या दुकानातून आणलेल्या माशाला ती चालते. पण चेन्नईहून किंवा कोलकात्याहून विमानाने आलेल्या, पंधरा-वीस तास बंद असलेल्या पिशवीला ती घातक ठरते. बंद पिशवीत माशाच्या श्वासाने कार्बन डायऑक्साइड साठतो, पीएच खाली येतो आणि पिशवीत अमोनिया भरपूर असला तरी तो कमी विषारी रूपात राहतो. पिशवी उघडली की वायू उडून जातो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. अशा पाण्यात मासा दोन तास ठेवणं म्हणजे त्याला विषात रुळवणं. पिशवी १५-२० मिनिटं बंदच तरंगू द्या, तापमान जुळलं की उघडा, मासा उचलून क्षारता जुळवलेल्या टाकीत सोडा, पिशवीचं पाणी मोरीत.

एप्रिल-मेमध्ये आणखी एक भर. पाणी ३० अंशांवर गेलं की त्यात प्राणवायू कमी विरघळतो. थकून आलेला मासा पहिला जातो. पंख्याने तापमान दोन-तीन अंश उतरतं, पण बाष्पीभवनही वाढतं. माझ्याकडे मे महिन्यात रोज दोन-अडीच लिटर उडतं. उडालेलं फक्त पाणी असतं, मीठ खालीच राहतं, तेव्हा भर साध्या आरओच्या पाण्याची घालायची. खारं पाणी ओतत राहिलात तर महिन्याभरात लोणचं होईल.

दुसऱ्या ते सहाव्या दिवसात गेला

भाच्याची केस इथली. रविवार ते गुरुवार.

मी विचारलं, मेलेल्या माशाची शेपटी कशी होती? "थोडी फाटली होती, पण ती पंपाने फाटली असेल." मेल्यावर की आधी? गप्प. जिवंत होता तेव्हा कुठे असायचा? "वरच्या कोपऱ्यात, हीटरच्या मागे." खात होता? "लाजत होता."

मासे लाजत नाहीत. पाण्याच्या पृष्ठभागाशी, हीटरच्या किंवा पाइपच्या आड उभा राहून जो खाली येत नाही, त्याला कोणी तरी खाली येऊ देत नसतं. मी त्याला म्हटलं, टँकसमोर मोबाइल उभा कर, व्हिडिओ लाव आणि अर्धा तास खोलीबाहेर जा. समोर आपण असलो की सगळे मासे खाण्याच्या आशेने काचेपाशी येतात आणि शहाण्यासारखे वागतात. पुढचा मासा आणला तेव्हा त्याने हे केलं आणि रात्री व्हिडिओ पाठवला. नवा फायरफिश, हा भित्रा मासा, दगडाच्या कपारीतून चार इंच बाहेर आला की डावीकडून एक काळा मासा बाणासारखा यायचा. चावा घेत नव्हता, नुसता अंगावर जायचा आणि परत फिरायचा. अर्ध्या तासात मी २३ वेळा मोजलं, मग मोजणं सोडलं.

तो काळा म्हणजे डॉमिनो डॅमसेल. मखमली अंग, कपाळावर एक आणि दोन्ही बाजूंना एकेक पांढरा ठिपका. दुकानात दीड इंचाचा असतो, फार गोड दिसतो, स्वस्त असतो आणि काही केल्या मरत नाही. मोठा होऊन १४ सेंटिमीटरपर्यंत जातो, तेव्हा ठिपके पुसट होतात आणि स्वभाव पक्का. टँक लावला त्याच आठवड्यात दुकानदाराने भाच्याला असे तीन दिले होते, 'सायकल सुरू व्हायला', म्हणजे अमोनिया पचवणारे जिवाणू टँकमध्ये वाढायला. तिघांतल्या या एकाने उरलेल्या दोघांना महिन्याभरात संपवलं होतं. तेही त्याने मला तेव्हाच सांगितलं.

सायकलसाठी मासा लागत नाही. कोळंबीचा एक सोललेला तुकडा जाळीच्या पिशवीत घालून टाका, कुजेल, अमोनिया तयार होईल, त्यावर जिवाणू वाढतील. वास येतो, घरच्यांना आधी सांगून ठेवा. किंवा अमोनियम क्लोराइड मोजून घाला. चार ते सहा आठवड्यांनी २ पीपीएम (दहा लाखांत दोन भाग) अमोनिया घातल्यावर २४ तासांत अमोनिया आणि त्यातून जिवाणूंनी बनवलेला नायट्राइट दोन्ही शून्य दिसले की टँक तयार. या कामाला डॅमसेल बसवला तर काम महिन्याभरात संपतं आणि मासा पुढे बरीच वर्षं जागा अडवून बसतो.

आता मुद्दा असा की डॉमिनोचं चुकत काहीच नव्हतं. डोंबिवलीला गाडीत चढून दारात उभा राहिलेला माणूस मुंब्र्याला बाकीच्यांना चढू देत नाही ना, तसं आहे ते. त्याला गाडी आपली वाटते. प्रवाळाच्या खडकावर एवढंसं भोक राखून जगणारा हा मासा, आणि आपण त्याला तीन फुटी टँकमध्ये सर्वांत आधी सोडतो. तो आख्खा टँक राखायला लागतो. नंतर येणारा कितीही निरोगी असो, त्याला परवानगी नाही. समुद्रात हाकललेला मासा पळून जातो. इथे पळून वरच्या कोपऱ्यापर्यंतच जाता येतं.

डॉमिनोला काढायला मी पुण्याला गेलो. दिवसा जाळी घेऊन मागे लागणं फुकट आहे, दगड कोसळतात आणि बाकीचे मासे घाबरून उड्या मारतात. डॅमसेल रात्री एका ठरलेल्या भोकात झोपतो. दिवे बंद करून दोन तास थांबलो, मग टॉर्चवर लाल जिलेटिन कागद लावून पाहिलं. उजवीकडच्या दुसऱ्या दगडातल्या अंगठ्याएवढ्या भोकातून शेपटीचं टोक दिसत होतं. भाच्याने बादली धरली, मी तो दगड सरळ उचलला आणि बादलीवर आडवा केला. पाणी गळत होतं, मासा मात्र आत घट्ट. धोका वाटला की तो पाठीचा काटा उभारून भोकात अडकून बसतो. बादलीत दगड बुडवून, पुन्हा उचलून, तीनदा केल्यावर टपकन पडला. पडल्यावर बादलीत गोल फिरला आणि माझ्या बोटावर धावून आला. ज्या दुकानातून आणला होता तिथेच परत दिला. तो काढल्यावर तिसऱ्या दिवशी फायरफिश भर दुपारी टँकच्या मधोमध उभा होता.

दरवेळी मासा काढावाच लागतो असं नाही. काढता येत नसेल किंवा जीव अडकलेला असेल तर दोन गोष्टी करा. नवा सोडण्याआधी जुन्या दादाला चार-पाच दिवस क्वारंटाइनच्या टाकीत ठेवा, तोवर दगडांची मांडणी बदला आणि नव्याला आधी सोडा. दादा परत येतो तेव्हा नकाशा बदललेला असतो आणि तोच पाहुणा झालेला असतो. दुसरी, नव्याला भोकं पाडलेल्या पारदर्शक डब्यात ठेवून डबा टँकच्या आतच काचेला टांगा. जुने दोन दिवस डब्यावर धडका मारतात, मग कंटाळतात. धडका थांबल्या की सोडायचं, त्याआधी नाही. पाचव्या दिवशीही कोणी डब्यासमोर पहारा देत असेल तर ती जोडी जमणार नाही, मासा बदलून घ्या. सोडताना संध्याकाळ, दिवे मंद, आणि जुन्यांना पोटभर खायला घालून.

भांडण कोणाकोणात होईल याचा ढोबळ अंदाज असा: सारखा दिसणारा, सारखं खाणारा, सारख्या ठिकाणी राहणारा मासा म्हणजे प्रतिस्पर्धी. दोन सर्जनफिश, दोन बटू एंजल, दोन डॉटीबॅक एका मध्यम टँकमध्ये टाकायचे नाहीत. क्लाऊनफिशच्या दोन वेगवेगळ्या जाती तर नाहीच नाही.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात गेला

हा माझा स्वतःचा इतिहास. पावडर ब्लू टँग आणला होता, माझ्या टँकच्या आकाराला तो मुळातच चुकीचा. नवव्या दिवशी अंगावर मिठाचे कण शिंपडल्यासारखे ठिपके. गोड्या पाण्यातल्या अनुभवाने मी हीटर ३० वर नेला. बाराव्या दिवशी ठिपके गेले. मी पेढे वाटायचेच बाकी ठेवले होते. विसाव्या दिवशी ठिपके परत आले, आता क्लाऊनवर पण. त्यानंतरच्या दहा दिवसांत टँक जवळपास रिकामा झाला.

गोड्या पाण्यातला पांढऱ्या ठिपक्यांचा रोग आणि समुद्री पाण्यातला, हे दोन वेगळे जीव आहेत. समुद्री म्हणजे क्रिप्टोकॅरिऑन. तो उष्णतेने मरत नाही. माशाच्या कातडीत तीन ते सात दिवस राहतो, पोट भरलं की सुटून खाली पडतो आणि वाळूवर, दगडावर कोश करून विभागत बसतो. एका कोशातून शेकडो पिल्लं सुटतात आणि त्यांना दिवस-दोन दिवसांत मासा सापडावा लागतो. समुद्रात सापडण्याची शक्यता नगण्य, २०० लिटरमध्ये जवळजवळ खात्रीची. म्हणजे ठिपके दिसेनासे झाले तेव्हा माझा मासा बरा झालेला नव्हता, रोग वाळूत पडून पुढच्या फेरीची तयारी करत होता.

याहून वाईट व्हेल्व्हेट, म्हणजे अमायलूडिनियम. ठिपक्यांऐवजी बारीक सोनेरी धूळ, भराभर श्वास, मासा पॉवरहेडच्या (पाणी फिरवणाऱ्या पंपाच्या) झोतात तोंड घालून उभा राहतो, उजेड टाळतो, आणि दोन-तीन दिवसांत खेळ खलास. क्लाऊनवर पांढरी बुळबुळीत साय सुटत असेल तर ब्रुकलिनेला. तोही थांबायला वेळ देत नाही.

तीनही रोगांवर मुख्य टँकमध्ये इलाज करता येत नाही. ठिपक्यांवर आणि व्हेल्व्हेटवर दिलं जाणारं तांब्याचं औषध कोळंब्या, गोगलगायी, प्रवाळ सगळं मारतं आणि दगडात शोषलं जातं. म्हणून वेगळी टाकी. तिच्यासाठी फार काही लागत नाही: दोन फुटी साधी काच, स्पंज फिल्टर, हार्डवेअरच्या दुकानातले पीव्हीसीचे दोन-तीन एल्बो लपायला, वर जाळी. वाळू नाही, दगड नाही. स्पंज मुख्य टँकच्या सम्पमध्ये, म्हणजे खालच्या फिल्टरच्या टाकीत, कायम टाकून ठेवायचा, म्हणजे गरज पडेल तेव्हा जिवाणूंनी भरलेला तयार असतो. नवा मासा इथे कमीत कमी चार आठवडे. "एवढीशी टाकी, त्याला त्रास होईल" असं म्हणणाऱ्यांना मी विचारतो, डॉमिनोसमोर टाकून होतो त्यापेक्षा जास्त का?

तांब्याचं औषध वापरणार असाल तर त्याची जात बघा. बांधलेल्या (चिलेटेड) तांब्याची मात्रा साधारण २ ते २.५ पीपीएम असते, मोकळ्या तांब्याची त्याच्या चौथाईच्या आसपास. एकाची मात्रा दुसऱ्याला दिलीत तर एक तर रोग हसेल किंवा मासा मरेल. बाटलीवर लिहिलेलं वाचा आणि त्याच जातीचं टेस्ट किट घ्या.

औषधाशिवायची एक पद्धत मला आवडते, कारण तिला लागतात फक्त प्लॅस्टिकचे दोन टब आणि शिस्त. मासा दर ७२ तासांनी नव्या पाण्याच्या, कोरड्या करून ठेवलेल्या टबात हलवायचा, असं चार वेळा, एकूण बारा दिवस. अंगावरून गळून पडलेले कोश फुटायच्या आत मासा तिथून निघून गेलेला असतो. जुना टब धुऊन उन्हात खडखडीत वाळवायचा. टबात जिवाणूंनी भरलेलं फिल्टर नसतं, तेव्हा अमोनियावर नजर हवी. हे फक्त पांढऱ्या ठिपक्यांवर चालतं, व्हेल्व्हेटवर नाही.

आणि मुख्य टँकमध्ये रोग आधीच शिरला असेल तर? सगळे मासे बाहेर काढून उपचार, आणि टँक माशांविना रिकामा. शौकिनांमध्ये ७६ दिवसांचा आकडा रूढ आहे, मीही तेवढेच दिवस पाळले. अडीच महिने रिकाम्या टँकसमोर बसून चहा प्यायचा. घरचे विचारतात, पाण्यालाच पाळलंय का?

जुने मासेही धापा टाकत असतील तर

मग वरचं सगळं बाजूला ठेवा, आधी अमोनिया बघा. एका दिवसात तीन-चार मासे सोडले की हेच होतं. नायट्रिफिकेशन करणारे, म्हणजे अमोनिया पचवणारे जिवाणू आळशी असतात. दुधाचं दही लावणारे तासाभरात दुप्पट होतात, यांना दुप्पट व्हायला जवळजवळ दिवस लागतो. टँकमध्ये ते रोज मिळणाऱ्या अमोनियापुरतेच असतात. तीन माशांपुरते जिवाणू असलेल्या टँकमध्ये अचानक सात मासे जेवायला लागले तर काही दिवस पंगत अर्ध्यावर राहते. त्यात समुद्री पाण्याचा पीएच ८.१ ते ८.४, तिथे अमोनियाचा विषारी भाग गोड्या पाण्यापेक्षा बराच जास्त असतो. २५ टक्के पाणी बदला, खाणं दोन दिवस थांबवा, बुडबुडे सोडणारा हवेचा दगड चालू करा. नायट्राइटने खाऱ्या पाण्यात तेवढं घाबरायचं कारण नाही, क्लोराइडमुळे तो माशाच्या रक्तात सहज शिरत नाही.

महिने गेल्यावर गेला

इथे बहुधा उपासमार. मँडरिन फिश पाण्यातले कोपेपॉड नावाचे बारीक जीव टिपून जगतो, नव्या टँकमध्ये ते नसतात. पोट आत गेलेला मँडरिन महिना-दोन महिने जिवंत दिसतो आणि मग जातो. कॉपरबँड बटरफ्लाय, मूरिश आयडॉल, क्लीनर रास यांचंही तेच. दुकानात माझ्यासमोर खाऊन दाखव, हा माझा नियम. न खाणारा मासा फुकट दिला तरी घेत नाही. फायरफिश आणि रास उडी मारून फर्निचरच्या मागे वाळलेले सापडतात, त्यावर उपाय जाळीचं झाकण. हिरव्या क्रोमिसचा थवा घेतलात तर सातचे पाच, पाचचे तीन आणि शेवटी एक उरतो, ते एकमेकांनाच निवडून काढतात.

मग क्रम कोणता?

मी यादी शेवटून लिहितो. सर्वांत भांडखोर कोण, तो शेवटी. त्याच्याआधी त्याच्याहून मवाळ. असं लिहीत वर आलं की पहिल्या जागेवर सर्वांत भित्रा उरतो. माझ्या टँकमध्ये पहिला आला एक फायरफिश. त्याला पाच आठवडे पूर्ण टँक एकट्याला मिळाला आणि त्याने आपली कपार निवडली. मग पिवळा वॉचमन गोबी, तो तळाशी राहतो, वरच्याशी त्याचं देणंघेणं नाही. मग पायजमा कार्डिनल दोन. मग लॉनमोअर ब्लेनी, तोवर काचेवर आणि दगडावर त्याला चरायला शेवाळ आलेलं होतं. पहिल्या महिन्यात आणला असता तर उपाशी मेला असता.

क्लाऊनची जोडी पाचवी. बरेच जण ती सर्वांत आधी टाकतात, आणि ऑसेलॅरिस ही क्लाऊनची जात तुलनेने गरीब असल्याने ते चालूनही जातं. माझं मत वेगळं आहे. मोठी मादी जागेवर बसली की तिच्या कोपऱ्याच्या दीड फुटात मला हात घालता येत नाही, मग फायरफिशची काय कथा. जोडी घेताना दोन्ही लहान घ्या, एक थोडा मोठा. क्लाऊन सगळे आधी नर असतात, जोडीतला मोठा पुढे मादी होतो. लहान मोठ्यासमोर अंग थरथरवतो, ते भांडण नाही, शरणागती आहे; ते दिसलं की निश्चिंत व्हा. दोन मोठे आणून जोडी लावायला गेलात तर त्या दोन माद्या निघण्याची शक्यता जास्त. शक्यतो हॅचरीत जन्मलेले घ्या. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या मंडपम केंद्राने क्लाऊनचं प्रजनन तंत्र बसवून बरीच वर्षं झाली, देशातच पैदास झालेले मासे मिळतात. ते पहिल्या दिवसापासून गोळ्या खातात.

शेवटी कोरल ब्यूटी, बटू एंजल, एकटाच. तो तापट आहे, पण आला तेव्हा सातही जण आपापल्या जागी होते.

दोन माशांमध्ये अंतर पाच आठवड्यांचं. चार क्वारंटाइनचे आणि एक नव्याने घर ओळखण्याचा. मध्ये काही गडबड झाली तर मोजणी परत पहिल्यापासून. निळा टँग, 'डोरी', फुटाएवढा होतो; चार फुटी टँकवाल्याने त्याच्याकडे बघूही नये. लायनफिश छान दिसतो आणि तोंडात मावेल तो मासा खातो. समुद्री घोडा आणि आपल्या किनाऱ्यावरचं प्रवाळ वन्यजीव कायद्याने संरक्षित आहेत, कोणी 'अंदमानचा लाइव्ह रॉक' दाखवला तर सरळ बाहेर पडा. कोरडा दगड घ्या, जिवाणू त्यावरही तेवढेच येतात. आणि समुद्राचं पाणी बाटल्या भरून आणायची हौस असेल तर निदान पावसाळ्यात नको, खाड्या-नद्यांच्या पुराने किनाऱ्यालगतची क्षारता बरीच उतरलेली असते, घाण वेगळी.

भाच्याच्या टँकमध्ये आता तो फायरफिश आहे आणि एक ब्लेनी. क्वारंटाइनमध्ये क्लाऊनची जोडी, आज एकोणिसावा दिवस. काल रात्री फोन होता.

"मामा, दोघं मस्त खातायत, एक ठिपका नाही. टाकू?"

"वहीत काय लिहिलंयस?"

"२८."

"मग?"

"बरं," म्हणाला. मागून त्याच्या बायकोचा आवाज आला, "मी सांगितलं होतं, विचारूच नको."